काउंटरवरची वाढीव वॉरंटी आणि किनाऱ्यावरचे घर

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यातील एका गृहस्थांच्या मुलाने गावच्या घरासाठी मुंबईतील एका मोठ्या साखळी दुकानात फ्रिज, वॉशिंग मशिन आणि दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पसंत करून ठेवला आहे. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी संपल्यावर पुढची तीन वर्षे लागू होणारी वाढीव वॉरंटी तिन्ही वस्तूंवर घ्यावी, असा दुकानाचा आग्रह असून तिचे एकूण ११,४०० रुपये होतात. ती घ्यावी का, आणि मुळात ही खरेदी साखळी दुकानातून करावी की कणकवलीतील ओळखीच्या दुकानदाराकडून, असे त्यांनी विचारले आहे.

मी रत्नागिरीत फ्रिज आणि एसी दुरुस्तीचे काम गेली सत्तावीस वर्षे करीत आहे. त्यांपैकी पहिली नऊ वर्षे एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेली, त्यामुळे वॉरंटीच्या कागदाची दुसरी बाजू, म्हणजे तक्रार मंजूर किंवा नामंजूर कशी होते ही बाजू, मी आतून पाहिलेली आहे. माझे मत असे की फ्रिज आणि वॉशिंग मशिनवर ही योजना घेऊ नये. एसीवर घ्यायचीच असेल तर दुकानाची न घेता थेट उत्पादक कंपनीची घ्यावी, आणि तीही आज घेऊ नये. याचे मुख्य कारण एकच आहे. किनाऱ्यावरच्या घरात यंत्रे ज्या कारणांनी बिघडतात, जवळजवळ तीच कारणे या करारांत वगळलेली असतात.

आपल्याकडे एसी का बिघडतो ते पाहू. बाहेरच्या युनिटच्या कॉइलमध्ये तांब्याची नळी आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. खाऱ्या हवेतला ओलावा या दोन धातूंमध्ये बसला की लहानशा बॅटरीसारखा विद्युतघट तयार होतो आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. निळ्या लेपाची कॉइल असली तर ही झीज लांबते, थांबत नाही. पट्ट्या पिठासारख्या झडू लागतात, थंडावा कमी होतो, कंप्रेसरवर ताण येतो आणि एखाद्या सांध्याजवळ टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडून गॅस जातो. दुसरे कारण पीसीबी, म्हणजे यंत्र चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. पावसाळ्यात उबेला आलेली पाल किंवा मुंग्यांची रांग पीसीबीवर जाते आणि बोर्ड जळतो. तिसरे कारण वीज. गावातल्या फीडरवर, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या वाहिनीवर, संध्याकाळी व्होल्टेज खाली बसते आणि मध्यरात्रीनंतर गरजेपेक्षा वर चढते. शिवाय मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात गडगडाट झाला की टीव्ही, राउटर आणि फ्रिजचे बोर्ड एकाच रात्री जातात.

आता वाढीव वॉरंटीच्या कागदाच्या मागची बारीक अक्षरे भिंगातून वाचावीत. शब्दरचना निरनिराळी असते, पण गंज, कीटक व उंदीर यांच्यामुळे झालेले नुकसान, व्होल्टेजमधील चढउतार, वीज पडणे, पूर व इतर नैसर्गिक आपत्ती, प्लास्टिकचे व रबराचे भाग, आणि अनधिकृत माणसाने उघडलेले यंत्र, एवढ्या गोष्टी मी पाहिलेल्या बहुतेक करारांत वगळलेल्या आहेत. पुण्यातल्या किंवा नाशिकातल्या घरात या यादीचा फारसा उपद्रव होत नाही. हर्णै, जयगड, देवगड, मालवण येथील घरात मात्र ही यादी बाजूला काढल्यावर बिघडण्यासारखे जे उरते, त्यासाठी ११,४०० रुपये द्यावेत का, असा खरा प्रश्न आहे.

नोकरीच्या काळातील एक प्रसंग सांगतो, कारण त्यातला दोष काही अंशी माझा होता. मालवण तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी एसीचा गॅस गेला होता. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होते आणि बाहेरचे युनिट पश्चिमेकडच्या गच्चीवर उघड्यावर बसवलेले होते. दुकानाने विकलेली वाढीव वॉरंटी चालू होती आणि तिला अजून वर्षाहून अधिक अवकाश होता. मी कॉइल तपासली, साबणाचे पाणी लावून गळती शोधली आणि जॉबकार्डवर बिघाडाचे कारण म्हणून ‘कॉइलला गंज, गळती’ असे लिहिले. ते खरेच होते. पण चार दिवसांनी त्याच शब्दावर बोट ठेवून तक्रार नामंजूर झाली. मी नुसते ‘कॉइल गळती’ लिहिले असते, तर बहुधा मंजूर झाली असती, असे नंतर आमच्या सुपरवायझरने मला सहज चहा पिताना सांगितले. मास्तरांनी मला दोष दिला नाही. कागद पुन्हा एकदा वाचून घडी घालून ठेवला एवढेच. त्यानंतर मी कुणाही ग्राहकाला एक गोष्ट आवर्जून सांगतो. तंत्रज्ञ जॉबकार्डवर जे लिहितो ते सही करण्यापूर्वी वाचा, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि कारण पटले नाही तर ‘मान्य नाही’ असे लिहूनच सही करा. तुमच्या वॉरंटीचे भवितव्य त्या एका ओळीवर ठरते.

काळाचा हिशोबही लक्षात घ्यावा. यंत्राचे बिघाड आयुष्यभर सारखे वाटून आलेले नसतात. जोडणीतला किंवा भागातला मूळ दोष असेल तर तो पहिल्या काही महिन्यांतच डोके वर काढतो, आणि तो काळ कंपनीच्या मूळ वॉरंटीत येतो. त्यानंतर काही वर्षे शांततेत जातात आणि झिजेमुळे येणारे बिघाड बऱ्याच नंतर सुरू होतात. दुसऱ्या वर्षापासून चौथ्या वर्षापर्यंतची योजना विकली जाते ती नेमकी या शांत काळासाठी. कंप्रेसरवर तर कंपनी स्वतःच अनेकदा दहा वर्षांची वॉरंटी देते. तिच्यात फक्त कंप्रेसर हा भाग फुकट मिळतो, गॅस, ड्रायर (गॅसच्या वाटेतली ओलावा शोषणारी गाळणी), मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च बहुधा ग्राहकाकडे असतो, हे विक्रेता सांगत नाही. तरीही ‘वाढीव वॉरंटी घेतली नाहीत तर कंप्रेसर गेल्यावर काय कराल?’ असे जेव्हा काउंटरवर विचारले जाते, तेव्हा जी गोष्ट आधीच तुमच्या मालकीची आहे तीच पुन्हा विकली जात असते.

चाकरमान्यांच्या घरांचा प्रश्न तर वेगळाच आहे. गणपतीचे दहा-बारा दिवस, शिमगा आणि मे महिना एवढाच ज्या घराचा दरवाजा उघडतो, तिथल्या वॉशिंग मशिनची तीन वर्षांची वाढीव वॉरंटी प्रत्यक्षात चार-पाच महिन्यांच्या वापरासाठी असते, कारण मुदत कॅलेंडरवर मोजतात, वापरावर नाही. बंद घरात यंत्र चालून झिजत नाही. ते ओलाव्याने आणि उंदरांनी खराब होते. आणि हे दोन्ही शब्द पुन्हा वगळलेल्यांच्या यादीत सापडतात.

वचन कोणी दिले आहे, हेही पाहिले पाहिजे. पावतीवर साखळीचे नाव असले तरी योजना चालवणारी कंपनी पुष्कळदा तिसरीच असते, तिच्यामागे एखादी विमा कंपनी असू शकते, आणि दुरुस्तीला येणारा माणूस चौथ्याच कुणाचा असतो. या साखळीत एक कडी निखळली तरी ग्राहकाला फोन लावायला जागा राहत नाही. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनसारखी घराघरात पोहोचलेली उत्पादक कंपनीसुद्धा २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा चार वर्षांनंतरच्या वचनाची किंमत आज रोख मोजताना वचन देणारा तेव्हा असेल का, हे विचारणे म्हणजे शंकेखोरपणा नव्हे. अनेक योजनांत भरपाईची वरची मर्यादा वर्षागणिक घसारा लावून खाली आणलेली असते, आणि दुरुस्ती शक्य नसल्यास पैसे परत न मिळता त्याच दुकानाचे व्हाउचर मिळते. मुंबईतल्या दुकानाचे व्हाउचर देवगडच्या माणसाने कुठे वापरायचे, याचा विचार त्या कागदात केलेला नसतो.

पिन कोडचा मुद्दा याहून व्यावहारिक आहे. ‘घरपोच सेवा’ हे शब्द सेवाकेंद्राच्या ठरलेल्या हद्दीपुरते असतात. हद्दीबाहेरच्या गावासाठी एकतर किलोमीटरप्रमाणे वेगळा आकार लागतो, किंवा यंत्र आपणच केंद्रावर आणून द्यावे अशी अट असते. वाडीवरच्या घरातून दोन दारांचा फ्रिज पाणंदीने खाली आणून टेम्पोत चढवणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्याला सांगायला नको. म्हणून पैसे भरण्याआधी मुलाला दुकानात बसूनच एक फोन करायला सांगा. तो विक्रेत्याला नको, उत्पादक कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर करावा. आपल्या गावाचा पिन कोड देऊन तंत्रज्ञ कोठून येतो, किती दिवसांत येतो आणि येण्याचा आकार कोण देतो, हे विचारावे, आणि उत्तर ईमेलने मागावे. हे उत्तर समाधानकारक नसेल तर वाढीव वॉरंटीच नव्हे, त्या कंपनीची वस्तू घेण्याचाच फेरविचार करावा.

आता साखळी दुकानाविषयी. तिथे काम करणारी मुले लबाड असतात असे मी म्हणणार नाही. त्यांतील कित्येकांचा पगार दुकान देत नाही, एखादी कंपनी देते. त्यामुळे तो मुलगा तुम्हाला ज्या कंपनीच्या फ्रिजकडे घेऊन जातो त्यामागे कारण असते. यंत्रावर सुटणारा नफा स्पर्धेमुळे थोडा असतो आणि वाढीव वॉरंटीवर सुटणारा भरपूर असतो, म्हणून वॉरंटी विकण्याचे लक्ष्य महिन्याला ठरवून दिलेले असते. ब्रिटनमध्ये या धंद्याची सरकारी चौकशी झाली आणि २००५ पासून दुकानाला वाढीव वॉरंटीची किंमत वस्तूच्या किमतीशेजारी दाखवणे आणि एक वर्षाहून मोठ्या योजनेत ग्राहकाला ४५ दिवसांत करार रद्द करण्याची मुभा देणे बंधनकारक झाले. आपणही करार हातात आल्यावर रद्द करण्याची मुदत कुठे लिहिली आहे ते आधी शोधावे, कारण ती असली तर थोडीच असते.

किमतीच्या पाटीवरची सूट छापील कमाल किमतीवर मोजलेली असते, आणि त्या किमतीला ते यंत्र कुठेच विकले जात नाही. म्हणून ‘३५ टक्के सूट’ या शब्दांना मी काडीचे महत्त्व देत नाही, शेवटी खिशातून जाणारी रक्कम तेवढी पाहतो. काही मॉडेले साखळीसाठी थोडा क्रमांक बदलून बनवलेली असतात. ‘दुसरीकडे स्वस्त दाखवा, फरक परत देऊ’ ही हमी मग दुकानाला निर्धोक होते, कारण तो क्रमांक दुसरीकडे मिळतच नाही. क्रमांकाऐवजी लिटर, टन, कॉइल तांब्याची की अॅल्युमिनियमची, आणि वीजबचतीच्या ताऱ्यांच्या लेबलवरचा कालावधी यांची तुलना करावी. निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या लेबलवरचे पाच तारे नव्या लेबलवर पाच राहतीलच असे नाही. बिनव्याजी हप्त्यांत बहुधा रोखीची सूट नाकारून व्याज आधीच वसूल केलेले असते, वर प्रक्रिया शुल्क लागते. आणि त्याच हप्त्यात वाढीव वॉरंटीची रक्कम विरघळली की महिन्याला तीनशे रुपयांचा फरक डोळ्यांत भरत नाही.

ऑनलाइन खरेदीत वॉरंटी न विचारता टोपलीत घातली जाण्याचा प्रकार घडतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा तेरा फसव्या पद्धतींची यादी दिली आहे आणि ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात वस्तू किंवा सेवा घुसवणे ही त्यांतील एक आहे. दुकानात समोर उभे राहून खरेदी करतानाही बिलाची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घ्यावी. मागे रांग असली तरी चालेल.

मग कणकवलीचा दुकानदार बरा का? माझ्या अनुभवात हजार-दोन हजार जास्त देऊनही बहुधा बरा, कारण तक्रार अडली की तो कंपनीच्या एरिया मॅनेजरला स्वतः फोन करतो, आणि तुम्ही बाजारात भेटाल ही भीती त्याला असते. तरी ओळखीच्या नावाखाली त्याला सारे माफ करू नये. कच्च्या पावतीवर माल देणे, वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का न मारणे, दोन पावसाळे गोदामात काढलेले यंत्र नवे म्हणून देणे, हे प्रकार आपल्याकडेही होतात. पक्के जीएसटी बिल, त्यावर यंत्राचा सिरियल क्रमांक, आणि खोक्यावरचा उत्पादनाचा महिना पाहूनच माल उतरवून घ्यावा.

वाढीव वॉरंटी नसली म्हणजे आपण निराधार झालो, अशी समजूत करून दिली जाते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे असे की ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे मुंबईत घेतलेल्या फ्रिजची तक्रार ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी, दाखल होऊ शकते, मुंबईच्या फेऱ्या मारण्याचे कारण नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. पुष्कळ प्रकरणे कंपनीला तिथून पत्र गेल्यावरच मार्गी लागताना मी पाहिली आहेत. यासाठी जपून ठेवायचे ते बिल, जॉबकार्ड आणि तक्रार क्रमांक. थर्मल कागदावरचे बिल आपल्या हवेत वर्षभरात कोरे होते, म्हणून त्याचा फोटो त्याच दिवशी काढावा.

पुराची भीती असेल तर तिच्यासाठी वॉरंटी हे साधनच नव्हे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घराघरात शिरले तेव्हा चिखलाने भरलेले फ्रिज आम्ही आठवडेच्या आठवडे उघडत होतो, आणि वॉरंटीच्या कागदाचा कुणालाही उपयोग झाला नाही. त्यासाठी घराचा विमा असतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणाऱ्या भारत गृह रक्षा या पॉलिसीत वादळ आणि पूर येतात, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपयांच्या मर्यादेत, घरातल्या वस्तूंनाही आपोआप संरक्षण मिळते.

अपवाद दोन सांगतो. मोठ्या टीव्हीचे पॅनेल गेले तर ते दुरुस्त होत नाही, बदलावे लागते आणि त्याची किंमत टीव्हीच्या किमतीजवळ जाते. तिथे पॅनेल स्पष्ट शब्दांत समाविष्ट असलेली उत्पादक कंपनीची योजना मी घेईन. इन्व्हर्टर एसीच्या दोन पीसीबींसाठीही कंपनीची योजना विचारात घेण्यासारखी आहे. मात्र बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत केव्हाही ही योजना विकतात. म्हणजे एक पावसाळा जाऊ द्यावा, तंत्रज्ञ खरोखर येतो का ते पाहावे, आणि अकराव्या महिन्यात ठरवावे. ‘आजच घेतली तर’ या शब्दांना फसू नये.

तर ११,४०० रुपयांचे काय करावे? माझ्या हातात ते दिले तर पहिला खर्च मी अर्थिंगवर करीन. जांभ्याची जमीन मार्चनंतर कोरडी ठणठणीत होते आणि जुने अर्थिंग नावापुरते उरते. नवा खड्डा घ्यावा, कोळसा-मीठ भरावे आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावे. दुसरा खर्च एसीसाठी योग्य क्षमतेच्या स्टॅबिलायझरवर. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ हे जाहिरातीतले वाक्य गावच्या फीडरला लागू होईलच असे नाही. बाहेरचे युनिट पश्चिमेच्या भिंतीवर नको, पूर्वेला किंवा उत्तरेला बसवावे, वर पन्हळ घालावी आणि महिन्यातून एकदा बंद करून गोड्या पाण्याने कॉइल धुवावी. पीसीबीच्या पेटीची भोके बारीक जाळीने बंद करून घ्यावीत, पण हे काम मूळ वॉरंटीत कंपनीच्याच माणसाकडून करवून घ्यावे, नाहीतर ‘अनधिकृत हाताळणी’चा शेरा पडेल. गडगडाट सुरू झाला की फ्रिज-टीव्हीचे प्लग काढावेत, आणि टीव्हीच्या छत्रीची केबलही काढावी. बोर्ड पुष्कळदा त्या केबलमधून आलेल्या झटक्याने जातो. एवढे करून जे उरतील ते बँकेत वेगळे ठेवावेत. गॅस भरणे किंवा साधी बोर्ड दुरुस्ती त्यातून निघते. गॅस भरायला येणाऱ्या माणसाकडे व्हॅक्यूम पंप आणि ग्रॅमचा वजनकाटा आहे का, एवढे मात्र पाहावे, कारण आजच्या फ्रिजमधला आर-६००ए हा ज्वालाग्राही गॅस ग्रॅमांत मोजून भरायचा असतो, अंदाजाने नव्हे. आणि घर बंद करून मुंबईला निघताना फ्रिज रिकामा करून, पुसून, दार बोटभर उघडे राहील असा कपड्याचा बोळा घालून ठेवावा.